एकाच बिअरचा दर साताऱ्यात एक आणि महाबळेश्वरात दुसरा, असं का?

साताऱ्यातल्या परमिट रूममध्ये मिळणारी बिअर महाबळेश्वरात आणि पुण्यात महाग, गोव्यात स्वस्त का पडते आणि यात बारमालक लुबाडतात का, असा तुमचा प्रश्न आहे. साताऱ्यातल्या एका परमिट रूमचे हिशेब मी बघतो, म्हणून लिहितो.

आधी राज्याबाहेरचं उरकतो. दारू जीएसटीत नाही. तिच्यावरचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. गोव्यात शुल्क कमी, म्हणून स्वस्त. मिरजेकडून म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेलात की कर्नाटकचं शुल्क लागलं, छापील किंमतही बदलली. (तिकडची बाटली परवान्याशिवाय इकडे आणणं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे गुन्हा आहे. गोव्याहून गाडी भरून निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.)

महाराष्ट्रात मात्र एका ब्रँडच्या ६५० मिलीच्या बाटलीची एमआरपी साताऱ्यात तीच आणि नाशकात तीच. बारला ती मर्यादा नाही. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीत सेवाही येते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पाण्याच्या बाटलीच्या प्रकरणात मान्य केलं. त्यामुळे मेनू कार्डावरचा दर मालक ठरवतो.

परमिट रूमला लागणाऱ्या एफएल-३ परवान्याची फी गावाच्या लोकसंख्येप्रमाणे असते, मोठ्या शहराला जास्त. पुण्यात त्यात जागेचं भाडं मिळवा. पण सगळं लोकसंख्येवरच असतं, तर महाबळेश्वर साताऱ्याहून स्वस्त पडलं असतं. तिथे सीझन भारी पडतो. धंदा एप्रिल-मे, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवारचा. जूनमध्ये पावसाने धरलं की टेबलं रिकामी. परवान्याची फी मात्र अख्ख्या वर्षाची. भाडं, कूलरचं लाइट बिल, आचारी-वेटरचा पगार, त्यांची राहायची सोय, यातलं पावसाळ्यात काही थांबत नाही. तो सगळा खर्च सीझनमध्ये विकलेल्या बाटल्यांवर बसतो.

साताऱ्यात उलटं. आमचं गिऱ्हाईक रोजचं, एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की येणारं, ठरलेल्या टेबलावर बसणारं. दहा रुपये वाढवले की ते दुसऱ्या दिवशी शेजारच्या बारमध्ये दिसतं. म्हणून बाटलीमागे सुटतं कमी, पण खोकी भराभर रिकामी होतात. पर्यटक एका संध्याकाळचा असतो, तो दर बघून सहसा उठत नाही.

वर व्हॅट. १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवर तो ५ वरून १० टक्के झाला, आणि तो बारच्या दरावर लागतो. समजा इथे बाटली २५० ला आणि घाट चढून ३५० ला असेल, तर बिलातला फरक १०० चा नाही, ११० चा पडतो. जेवणावर जीएसटी, दारूवर व्हॅट, या दोन ओळी बिलात वेगळ्या हव्यात. मेनू कार्डावर खाली बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ लिहिलंय का, ते ऑर्डर देण्याआधी बघत जा.

तेव्हा महाबळेश्वरातल्या जास्त दराला मी लुबाडणूक म्हणणार नाही. लुबाडणूक म्हणजे वाईन शॉपमध्ये किंवा बिअर शॉपीत ‘थंड करायचे’ म्हणून एमआरपीवर दहा रुपये जास्त घेणं. तिथे टेबल नाही, वेटर नाही. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त मागता येत नाही. बिल मागा, बाटलीवरच्या किमतीचा फोटो काढा आणि वैधमापनशास्त्र विभागाकडे किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात लेखी तक्रार द्या.