आधी ओंडका कुठून आला ते लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कंपनीच्या शंभरीच्या पुस्तकाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. पुण्यात जपानी शिकलेली आपली एक मुलगी टोकियोच्या शिन-किबात बसून लाकूड आयात करणाऱ्या घरगुती पेढीचा इतिहास लिहिते आहे, याचा मला फार आनंद आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते. मसुद्यात तीन पिढ्यांच्या अध्यक्षांचे फोटो आहेत, सचोटी आहे, चिकाटी आहे. लाकूड मात्र कुठेच दिसलं नाही.

संस्थापकांनी १९२३च्या भूकंपानंतर धंदा सुरू केला, असं एका ओळीत सांगून तू पुढे गेलीस. तिथे थांब. टोकियो आणि योकोहामा जळून गेले होते आणि शहर पुन्हा उभं करायला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजं भरभरून लाकूड आलं. त्यातल्या डग्लस फरला जपानीत 'बेईमात्सु' म्हणतात, म्हणजे अमेरिकी पाइन. यातला 'बेई' म्हणजे तांदळाचंच चिन्ह, तेच अमेरिकेसाठीही वापरतात. जुन्या खतावणीत हे चिन्ह पहिल्यांदा कोणत्या पानावर येतं ते शोध. तुझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्या पानापासून सुरू होतं.

किबाची, म्हणजे टोकियोच्या जुन्या लाकूडबाजाराची, पार्श्वभूमी थोडक्यात दे. सतराव्या शतकातल्या मोठ्या आगीनंतर वखारी सुमिदा नदीपलीकडे हलवल्या, १७०१मध्ये फुकागावात किबा वसलं आणि १९७०च्या दशकात सगळा बाजार समुद्रात भराव घालून केलेल्या शिन-किबाला गेला. एवढं पुरे.

खरा मजकूर १९६० नंतरचा आहे. १२ ऑक्टोबर १९६२ला ओरेगॉन-वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर मोठं वादळ आलं आणि अक्षरशः जंगलंच्या जंगलं आडवी झाली. पडलेलं लाकूड कुजायच्या आत विकायला हवं होतं आणि जपानला घरं बांधायला लाकूड हवं होतं. १९६४मध्ये जपानने लाकडाची आयात पूर्ण खुली केली. तिथल्या डोंगरांवर युद्धानंतर लावलेला सुगी, म्हणजे जपानी सीडार, तेव्हा मनगटाएवढाही नव्हता. या गोष्टी जुळून आल्या म्हणून तुमच्या दुसऱ्या अध्यक्षांचा धंदा वाढला. त्यांची हुशारी होतीच, पण वाऱ्याचा वाटाही लिही.

दुसरीकडे फिलिपिन्सहून लावान नावाचं लाकूड येत होतं. त्याचं प्लायवुड होई, आणि बरंचसं सेंट्रिंगला दोन-चारदा वापरून फेकून दिलं जाई. फिलिपिन्सचे डोंगर उघडे पडले, मग इंडोनेशिया. इंडोनेशियाने १९८५मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, मग मलेशियातले साबा आणि सारावाक. तू याला 'पुरवठ्याच्या स्रोतांचं विविधीकरण' म्हटलं आहेस. मला ते वाक्य वाचून वाईट वाटलं. एक जंगल संपलं म्हणून जहाज दुसऱ्या बंदराला लागलं, असं साधं लिही. अध्यक्षांना ते टोचेल, पण त्यांच्या वडिलांनी ते उघडे डोंगर स्वतः पाहिले असतील, तर त्यांनाच विचार काय वाटलं होतं.

मग १९९०. जुन्या जंगलांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला अमेरिकेत कायद्याचं संरक्षण मिळालं, पश्चिमेकडच्या सरकारी जंगलांतल्या ओंडक्यांच्या निर्यातीवरचे निर्बंध आणखी कडक झाले. २००२मध्ये जपानची लाकडातली स्वयंपूर्णता १८.८ टक्क्यांपर्यंत घसरली होती. आता तो सुगी पिकला आहे आणि आकडा ४० टक्क्यांच्या वर गेला आहे. आयातीवर उभी राहिलेली पेढी आज स्वतःच्या देशाचं लाकूड विकत असेल, तर ते शेवटच्या पानावर ढकलू नकोस.

मापांचं एक सांगते, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. मी दुभाषी म्हणून नवी असताना 'एक कोकु म्हणजे दहा घनफूट' असं बेधडक लिहून दिलं. कोकु हे लाकूड मोजायचं जपानी माप, म्हणजे दहा घन-शाकु, आणि शाकु हे लांबीचं माप आपल्या फुटापेक्षा किंचित लहान: ३०.३ सेंटिमीटर. म्हणजे कोकु ०.२७८ घनमीटर, साधारण ९.८ घनफूट. फरक दोन टक्क्यांहूनही कमी, पण पाच हजार घनमीटरच्या जहाजावर सुमारे ८८ घनमीटर लाकूड कागदावर जास्त दिसतं. रात्रभर बसून तक्ते पुन्हा केले. तुझ्या परिशिष्टातही तोच गोंधळ आहे, दुरुस्त कर.

ऑक्टोबरात किबा पार्कमध्ये 'काकुनोरी' बघायला जा. पाण्यात तरंगणाऱ्या चौकोनी तुळईवर उभं राहून पायांनी ती फिरवतात. पाण्यातले ओंडके निवडून लावणाऱ्या 'कावानामि' लोकांच्या रोजच्या कामातून हा खेळ आला. तिथल्या म्हाताऱ्यांना ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने मारलेल्या खुणा वाचता येतात का, ते विचार; तुझ्या फोटोंत अशा दोन खुणा आहेत आणि खाली ओळ नाही.

आणखी एक. दुसऱ्या अध्यक्षांचं आडनाव लग्नानंतर बदललं, म्हणजे ते घरजावई, दत्तक घेतलेले. मग ही पेढी एका मुलीमुळे पुढे चालली, आणि ती मुलगी तुझ्या मसुद्यात नाही. तूच कळवलं होतंस की त्या आता नव्वदीतल्या आजी आहेत आणि बोलतात. या आठवड्यातच जा. चांगली मिठाई घेऊन जा, आणि पहिल्या भेटीत वही बाहेर काढू नकोस.

तुझी,
मावशी