लळिंग राहू दे, आजीचं घर कर

प्रिय भाऊ,

डूम या जुन्या गोळीबाराच्या खेळासाठी तू धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याचा नकाशा करतो आहेस, त्याची फाइल काल रात्री उघडून पाहिली. पायथ्यापासून वरच्या टाक्यांपर्यंत सगळा किल्ला घ्यायचा बेत दिसतो. तटाची रेघ सुरेख आली आहे, बुरुजांच्या गोलाईवर मेहनत घेतलेली कळते. पण भो, आत एकही दार उघडत नाही, राक्षस एकही नाही, आणि खेळाडू जिथून सुरू होतो ती खूणसुद्धा ठेवलेली नाही. म्हणजे या नकाशात अजून कुणी पाऊलच टाकलेलं नाही. तूही नाही.

माझं ऐकशील तर लळिंग सध्या बाजूला ठेव. पुसू नको, नाव बदलून ठेवून दे. पहिला नकाशा तुझ्या आजीच्या घराचा कर.

हसू येईल तुला. डूमच्या नरकात बोरी नदीकाठचं धाब्याचं घर? पण त्या घराइतकं या इंजिनला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, मानवणारं दुसरं काही नाही. 1993 च्या डिसेंबरात आलेला हा खेळ एकावर एक मजला दाखवू शकत नाही. प्रत्येक सेक्टरला, म्हणजे रेघांनी वेढलेल्या नकाशाच्या तुकड्याला, एक तळ आणि एक छत, संपलं. किल्ल्यात दरवाज्यावर नगारखाना आला किंवा तटाखालून चोरवाट आली की तू अडकलास. नव्या पोर्टांमध्ये, म्हणजे लोकांनी सुधारलेल्या इंजिनच्या आवृत्त्यांमध्ये, त्यावर तोडगे आहेत, पण ते नंतर. धाब्याच्या घराला वर मजलाच नाही. देवडी, ओसरी, चौक, माजघर, धान्याचं बळद, मागे गोठा, सगळं शेजारी शेजारी, जरा खाली-वर. शिवाय त्या घरात तू रांगला आहेस. कुठून कुठे किती पावलं, हे तुला मोजायला लागत नाही. लळिंगावर तू सहलीला गेला होतास.

आता सुरुवात दिंडी दरवाज्यापासून, कारण तिथेच अर्धा खेळ शिकून होतो. मूळ खेळात वाकता येत नाही. खेळाडू 56 युनिट उंच, 32 रुंद; युनिट हे खेळातलं माप. इम्प हा आगीचे गोळे फेकणारा राक्षसही 56 च उंच. पण बॅरन ऑफ हेल हा थोराड राक्षस 64 उंच आहे. दार म्हणजे एक स्वतंत्र सेक्टर. त्याचं छत तळाला टेकवलं की दार बंद. दोन्ही बाजूंच्या रेघांचं तोंड बाहेर, खेळाडूकडे ठेव आणि त्यांना 1 क्रमांकाची, दार उघडण्याची क्रिया दे. चौकटीच्या रेघांना 'लोअर अनपेग्ड'ची, म्हणजे भिंतीचं चित्र जागेवर धरून ठेवणारी खूण करायला विसरू नको, नाहीतर दार वर जाताना चौकटही त्याच्यासोबत सरकत जाते आणि फार विचित्र दिसतं. उघडलेलं दार शेजारच्या सर्वांत खालच्या छताच्या 4 युनिट खाली थांबतं. म्हणजे चौकटीचं छत 64 ठेवलंस तर दिंडी 60 ची झाली. तू निघालास, इम्प तुझ्यामागे निघाला, बॅरन मात्र आत अडकला. दार उघडं असेल तोवर तो हिरवे गोळे फेकत राहील, पण बाहेर येणार नाही. एका चार युनिटांच्या फरकावर केवढा प्रसंग उभा राहतो बघ. असं काही तुझ्या त्या एवढ्या मोठ्या तटबंदीत कुठे सापडलं नाही मला.

पायरीचंही तसंच. 24 युनिटांपर्यंतचा चढ पाय आपोआप चढतो, 25 झाला की भिंत. ओट्याची उंची 32 केलीस तर खेळाडू खाली उडी घेईल, पण परत चढायला त्याला दुसरी वाट शोधावी लागेल. राक्षस तर 24 पेक्षा खोल उतरतही नाहीत. गोठ्याकडच्या अंगाला हे वापर.

उजेडावर मात्र वेळ घाल, हात राखू नको. आपल्याकडे मे महिन्यात चौकातून माजघरात शिरलं की घटकाभर काहीच दिसत नाही, तेच तुला हवं आहे. उजेडाचे आकडे 0 ते 255, पण जुनं इंजिन 16-16 च्या टप्प्यानेच फरक दाखवतं; 160 चे 165 करत बसशील तर फुकट मेहनत. चौकाच्या छताला आकाशाचं टेक्स्चर, म्हणजे वर चिकटवायचं चित्र, लावून 240, ओसरी 176, माजघर 112, बळद 80. मग माजघरात एक इम्प उभा कर. चौकातून तो अंधूकच दिसेल, त्याचा आगीचा गोळा मात्र लख्ख दिसेल. डूमचे नकाशे करणाऱ्या जॉन रोमेरोचा एक नियम होता: जी खोली दुसऱ्या कुठल्या इंजिनमध्येही झाली असती, ती पुन्हा करायची. डूमच्या आधीच्या वुल्फेन्स्टाइन या खेळामध्ये सगळ्या भिंती काटकोनात, उंची एकच, उजेड एकच. तुझं माजघर तिथे झालं नसतं, एवढं तपासलंस तरी पुरे.

आवाजाकडे नवी पोरं लक्षच देत नाहीत. गोळी झाडली की आवाज सेक्टरमागून सेक्टर पसरत जातो आणि राक्षस जागे होतात. बंद दार तो अडवतं. उघड्या वाटेवर 'ब्लॉक साउंड'ची, म्हणजे आवाज अडवणारी, एक रेघ पुरत नाही, दोन लागतात. चौकात पहिली गोळी सुटली की गोठ्यातले सगळे धावून यावेत की गप्प राहावेत, हे आधी ठरव आणि मग रेघा ओढ.

लाल किल्ली तुळशीवृंदावनावर ठेव. देवडीतून आत येताच ती दिसली पाहिजे, हातात मात्र शेवटी आली पाहिजे. आणि बळदात गुप्त जागा कर, त्या सेक्टरला 9 हा गुप्त जागेचा नंबर दे. भिंतीचं टेक्स्चर तिथे किंचित सरकवून ठेव, चाणाक्ष डोळ्याला कळेल एवढंच.

घर उभं राहिलं की आतेभावाला खेळायला बसव. तू मागे बस आणि तोंडाला कुलूप लाव. तो चौकात गोल गोल फिरेल, मान वळवून विचारेल, "आते कथा जावानं?" म्हणजे आता कुठे जायचं. सांगायचं नाही. तो जिथे थांबला ती जागा वहीत लिही. वाट दाखवायचं काम नकाशाचं आहे, तुझ्या बोटाचं नाही. तिथे उजेड वाढव, खिडकी पाड, किंवा एखादी बंदुकीच्या गोळ्यांची पेटी पुढच्या दाराशी ठेव. पुन्हा त्यालाच बसवून उपयोग नाही, त्याला घर पाठ झालेलं असतं. नवा गडी शोध.

घरी कुणीतरी विचारेलच, याचे पैसे किती मिळतात. शून्य मिळतात. 1996 च्या फायनल डूममधला अर्धा भाग डॅरिओ आणि मायलो कसाली या दोघा हौशी भावांनी केला आणि डॅरिओ पुढे व्हॉल्व्ह कंपनीत हाफ-लाइफ या खेळावर लागला, हे खरं आहे. पण ते उदाहरण वडिलांच्या तोंडावर फेकू नको. डिप्लोमाचे पेपर आधी.

सामान सगळं फुकट आहे. डूमचं इंजिन लिहिणाऱ्या जॉन कार्मॅकने नकाशे-चित्रं इंजिनपासून वेगळी, वॅड फाइलीत ठेवली म्हणून लोकांना त्यात हात घालता आला, आणि 1997 च्या डिसेंबरात इंजिनचा सोर्स कोडच खुला झाला, म्हणून माझ्या त्या जुन्या लॅपटॉपवरही हा खेळ पळतो. मूळ खेळ विकत घेतलेला नसेल तर फ्रीडूम हा त्याचा फुकट पर्याय घे; राक्षस वेगळे दिसतात, मोजमापं तीच राहतात. नकाशे करायचं अल्टिमेट डूम बिल्डर तुझ्याकडे आहेच. एक मात्र कर: दर थोड्या वेळाने फाइल नव्या नावाने साठव. तुमच्याकडे दुपारी वीज जाते आणि त्या लॅपटॉपच्या बॅटरीचं मला माहीत आहे.

अजिंठ्याचा विषय तू फोनवर काढला होतास. विहारातलं खांबांचं दालन आणि भोवतीच्या कोठड्या डूमसाठीच कोरल्यासारख्या आहेत, कबूल. वाघूर नदीच्या वळणावरचा तो सगळा कडा घ्यायचा मोह मलाही होतो. पण आजीचं घर सुरू होऊन संपलं, शेवटची कळ दाबून खेळाडू बाहेर पडला, की मग.

झालं की पाठव. सोबत छोटी टेक्स्ट फाइल हवी: नकाशाचं नाव, कुठल्या खेळावर चालतो, कुठल्या पोर्टवर तपासला, दुसऱ्याचं टेक्स्चर घेतलं असेल तर कुणाचं आणि त्याची परवानगी आहे का. बळदाचं त्यात काही लिहू नको. मी शोधतो.

तुझा,
काका