इलेक्ट्रिकलमध्ये राहायचे असेल, तर पहिली दोन वर्षे यंत्राजवळ घालवा

आपण इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात, वर्गातील बहुतेक मित्र हिंजवडीतील सॉफ्टवेअर कंपन्यांची तयारी करत आहेत आणि घरूनही तोच आग्रह आहे. अशा वेळी आपल्याच शाखेत राहण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. या क्षेत्रात चोवीस वर्षे काम केल्यानंतर माझे उत्तर ठामपणे 'आहे' असेच आहे. सुरुवातीचा पगार मात्र बहुधा कमी असतो आणि पहिली तीन-चार वर्षे ते बोचते, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेवावे.

पहिली नोकरी निवडताना पगाराच्या आकड्याआधी, आपल्या हाताखाली प्रत्यक्ष कोणते काम येणार आहे, ते पाहावे. माझी सुरुवात भोसरीतील विजेचे कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखानदाराकडे झाली. एका गिऱ्हाइकाची मोटर चार महिन्यांत दुसऱ्यांदा जळाली, तेव्हा मी कागदावर लोडचा हिशेब मांडत बसलो होतो. आमच्या वयस्कर वायरमननी मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून घेऊन, कॉन्टॅक्टरवरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचवरची) एक केबल हलवून दाखवली. लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची जोडणी, सैल होता आणि त्याच्याजवळचे इन्सुलेशन काळे पडून कडक झाले होते. तीन फेजपैकी, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी, एक असा अधूनमधून तुटला, की चालू मोटर उरलेल्या दोन फेजवर तोच भार ओढत राहते आणि त्यांतील प्रवाह पावणेदोनपटीच्या आसपास जातो. अशा वेळी ओव्हरलोड रिलेने मोटर बंद करायला हवी होती. परंतु ती वारंवार ट्रिप होते म्हणून कोणीतरी रिलेचे सेटिंग नेमप्लेटवरील ॲम्पिअरच्या बरेच वर नेऊन ठेवले होते. एक फेज तुटण्याच्या या प्रकारावर, म्हणजे सिंगल फेजिंगवर, मी परीक्षेत पूर्ण गुण मिळवले होते, तरीही तो काळा पडलेला लग पाहिल्यानंतरच मला तो विषय समजला.

म्हणून पॅनेल टेस्टिंग, रिले टेस्टिंग, सबस्टेशनचे कमिशनिंग (तपासून प्रथम चालू करणे) किंवा कारखान्यातील देखभाल यांपैकी काहीही मिळाले तरी ते घ्यावे. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारे उपकरण, स्वतः लावावा आणि सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे वीजमांडणीचा नकाशा, हातात धरून ती केबल खरोखर कोठून कोठे जाते, ते चालत जाऊन पाहावे. पुढच्या वाटा यातूनच फुटतात. महावितरण आणि महापारेषण यांच्या भरती परीक्षा आहेत, गेट या अभियांत्रिकी परीक्षेच्या गुणांवर काही केंद्रीय उपक्रमांत प्रवेश मिळतो, चाकणच्या वाहन कारखान्यांत ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) आणि पीएलसीचे (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचे) काम आहे, पुणे मेट्रोच्या गाड्या चालवणाऱ्या २५ केव्ही कर्षण प्रणालीचेही आहे.

मला स्वतःला ऊर्जा लेखापरीक्षणाची, म्हणजे वीज कोठे वाया जाते ते शोधून देण्याची, वाट आवडली. पदवीनंतर ३ वर्षांचा संबंधित अनुभव झाला, की ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची परीक्षा देता येते. उदाहरणार्थ, १०० किलोवॉटचा भार ०.८ पॉवर फॅक्टरवर (खेचलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या हिश्श्यावर) चालत असेल, तर पुरवठ्यातून १२५ केव्हीए (एकूण बोजा) खेचले जातात. सुमारे ४२ केव्हीएआर (कपॅसिटरची क्षमता मोजण्याचे एकक) क्षमतेचे कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर ०.९५ वर आणला, तर तेच काम साधारण १०५ केव्हीएमध्ये होते. हा फरक मालकाला त्याच्याच वीजबिलावर दाखवता आला, की तो आपल्याला पुन्हा बोलावतो.

सॉफ्टवेअर शिकूच नये, असे मी म्हणत नाही. पायथन आणि पीएलसीचे प्रोग्रॅमिंग दोन्ही उपयोगी पडतात. मात्र येत्या दिवाळीच्या सुट्टीत, कारखाने बंद ठेवून वार्षिक देखभाल केली जाते तेव्हा, एखाद्या टेस्टिंग करणाऱ्या ठेकेदाराबरोबर चार दिवस जाण्याची परवानगी मागून पाहावी. तेवढ्यासाठी दिवाळीपर्यंत थांबवत नसेल, तर आपल्याकडे औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते आणि लहानसहान शटडाउनची कामे त्या दिवशी निघतात. सुरक्षा बूट स्वतःचे न्यावेत, आणि लाइन बंद करून अर्थिंग केल्याचे जबाबदार माणसाने दाखवल्याशिवाय कशालाही हात लावू नये.