मासेखाऊ घर, पाळलेली मांजर, ठरत असलेलं लग्न: यात व्हीगन राहणं जमतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणी घर, मुंबईत राहणं, चार महिन्यांपूर्वी मासे, अंडी, दूध, तूप सगळं सोडलंत. आता रोज खायचं काय, मांजरीलाही तसंच जेवण द्यायचं का, आणि ज्या मुलाशी बोलणी चालली आहेत तो मासे खाणारा आहे तर पुढे निभेल का.

मी नऊ वर्षं व्हीगन आहे, म्हणजे मासे-मांसच नव्हे तर अंडी, दूध, तूप, मध असं प्राण्यांपासून आलेलं काहीच खात नाही. माहेर लालबागचं, सासर भांडुपचं. दोन्हीकडे बुधवार, शुक्रवार आणि रविवार मासळीचे. त्यामुळे ऐकीव नाही, घरचंच सांगते.

आधी एक गैरसमज काढून टाका. अवघड मासे नाहीत, अवघड दूध आहे. मी मासे सोडले तेव्हा आईने एवढंच विचारलं, "काय गो, माळ घातलंस?" आपल्याकडे मासे सोडणाऱ्यासाठी जागा तयार आहे. कुणी माळकरी असतो, कुणी वार पाळतो, कुणी श्रावण पुढे दिवाळीपर्यंत ओढतो. चार दिवस चेष्टा होते आणि विषय संपतो. दूध सोडणाऱ्यासाठी अशी जागाच नाही. माळकरीसुद्धा दूध पितो, उपासाला तर तेच चालतं. मामीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "डॉक्टरने सांगितलंय का काही?"

आणि चहा! कुणाच्या घरी गेलं की "दूध नको, कोरा द्या" म्हटल्यावर त्या बाईचा चेहरा बघा. आपल्याकडे पाहुण्याला कोरा चहा देणं म्हणजे घरात दूध नाही हे कबूल करणं. तुम्ही दूध नाकारता, तिला वाटतं तिची लाज काढली. हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी जिथे जाईन तिथे गाईम्हशींची कहाणी सांगायचे आणि बोलावणी कमी का झाली याचं नवल करायचे. आता नुसतं नाही म्हणत नाही, दुसरं काहीतरी मागते. "काकू, गवती चहा आहे ना कुंडीत? आलं ठेचून नुसता तोच उकळा." किंवा कोकम सरबत. नाहीतर सरळ पाणी आणि गुळाचा खडा. समोरच्याच्या हाताला द्यायला काहीतरी हवं असतं, ते आपणच सुचवावं.

आता स्वयंपाक. तुम्ही मालवणी आहात म्हणजे अर्धी लढाई जिंकलेली आहे. व्हीगन हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मंडळींनी काढला, पण सोलकढी, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, ओल्या काजूंची उसळ, घावणे, आंबोळ्या, पातोळ्या हे सगळं त्याच्या आधीपासून आपल्या चुलीवर आहे. आपला नारळ गाईचं काम परस्पर करून टाकतो. देशावरच्या मैत्रिणींना हे सगळं नव्याने शिकावं लागतं, बिचाऱ्या.

माशांची आठवण येते का? येते. पण बांगड्याच्या तिखल्याची चव आठवून बघा, त्यातली निम्मी तिरफळाची आणि कोकमाची असते. आमच्याकडे मासळीच्या दिवशी वाटप एकच होतं: ओलं खोबरं, बेडगी मिरच्या, धणे, हळद. त्यातलं अर्धं नवऱ्याच्या कढईत जातं, अर्धं माझ्या. माझ्या कढईत कच्च्या केळ्याच्या जाड फोडी किंवा शेवग्याच्या शेंगा. सात-आठ तिरफळं घ्यायची, आतली काळी बी काढून टाकायची, सालं जराशी चेचून पाण्यात ठेवायची आणि रस्सा उतरवायच्या आधी त्या पाण्यासकट घालायची. फोडणीत टाकू नका, कडवट लागतात. झाकण ठेवून दहा मिनिटं विसरून जा.

दह्याला मी शेंगदाणे वापरते. वाटीभर शेंगदाणे रात्री भिजवायचे, सकाळी चोळून सालं काढायची, तीन वाट्या पाणी घालून मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटून फडक्यातून गाळायचं. हे दूध उकळताना हलवत राहावं लागतं, तळाला चटकन लागतं. बोट सोसेल इतकं कोमट झालं की त्यात पाच-सहा हिरव्या मिरच्यांची देठं धुऊन बुडवायची आणि झाकून ठेवायचं. मे महिन्यात संध्याकाळपर्यंत लागतं, जानेवारीत रात्रही जाते. पहिल्या खेपेचं दही जरा पातळ आणि उग्र होतं. त्यातलं चमचाभर पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरलं की सुधारतं. कढीला, कोशिंबिरीला उत्तम. नुसतं खायला शेंगदाण्याचा वास राहतोच, ते मी लपवत नाही. बाजारचं सोया दूध महाग पडतं, आणि चहात घातलं तर कधीकधी फाटतं.

तुपाला मी पर्याय शोधला नाही. वरणभातावर लिंबू आणि कच्चं खोबरेल, मोदकावर नारळाचं दूध, साबुदाण्याच्या खिचडीला शेंगदाणा तेल, झालं.

बाहेर खाण्यात मुंबईत उपाशी मरत नाही कुणी. वडापाव, भेळ, मिसळ, इडली, लोणी न लावलेला साधा डोसा. लादी पाव बहुतेक ठिकाणी दूध-अंड्याशिवायच होतो, पण मस्का बन तसा नसतो. पावभाजीवाल्याला "तेलात बनव" सांगितलं तर तो तेलात बनवतो आणि वरून सवयीने बटर सोडतो, तेव्हा तव्यापाशी उभ्या राहा. पाकिटावरचा हिरवा ठिपका पुरेसा नाही, त्यात दूध आणि मध दोन्ही चालतात. 2022 पासून एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, व्हीगन खाद्यपदार्थांसाठी वेगळे नियम आणि हिरव्या 'व्ही'चं वेगळं चिन्ह आहे, ते बघा. ते नसेल तर मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन हे शब्द शोधा, हे सगळे दुधातूनच येतात. ऑफिसात "तुझ्यासाठी मुद्दाम एगलेस केक आणलाय" असं कुणी म्हणालं, तर त्यात लोणी आणि दूध असणारच हे गृहीत धरा.

यापुढचं मात्र नीट वाचा, यात मी स्वतः आपटले आहे. चौथ्या वर्षी माझ्या पावलांना मुंग्या यायला लागल्या. स्टेशनचा जिना चढून वर आलं की फलाटावर टेकावंसं वाटायचं. मी धावपळीला, वयाला, लोकलच्या गर्दीला दोष दिला. शेवटी तपासणी केली तर बी-12 निघालं 128. खालची मर्यादा 200 च्या आसपास धरतात. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, भाज्या-डाळींतून ते भरवशाने मिळत नाही. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण ती गोळीतूनच किंवा बी-12 मुद्दाम घातलेल्या पदार्थातून भागवावी लागते. स्पिरुलिनाने भागतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्यातला बहुतेक भाग आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही. शिवाय पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांमध्ये त्यातल्या फोलेट या जीवनसत्त्वामुळे बी-12 कमी असूनही रक्त ठीक दिसतं आणि आतून नसांचं नुकसान होत राहतं, म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर विसंबू नका. मला आधी इंजेक्शनं घ्यावी लागली, आता गोळी चालू आहे. तुम्ही आजच डॉक्टरांना विचारून सुरू करा, चार वर्षं थांबू नका. डी-3 जीवनसत्त्व घेणार असाल तर तेही विचारून घ्या. बहुतेक डी-3 मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात, दगडफुलापासून काढलेलंही मिळतं. कॅप्सूलचं वेष्टण बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं असतं. कॅल्शियमची मात्र मला चिंता नाही: 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. भाकरी खा.

आता मांजर. तिला तुमचं जेवण देऊ नका. एवढंच उत्तर पुरे होतं, पण मीही हा वेडेपणा केला आहे, म्हणून सांगते.

आमची ठकी बिल्डिंगच्या मीटरच्या खोलीत सापडलेली. पहिल्या वर्षी माझ्या डोक्यात भलतीच हवा होती. तिला डाळभातात सोयाबीनचे तुकडे कुस्करून द्यायचे. ती वास घेऊन, ताटलीभोवती जमीन खरवडून निघून जायची, माती ओढून झाकतात तसं. पशुवैद्यांकडे नेली तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "शाकाहारी प्राणी हवा होता तर ससा का नाही पाळलात?" मग समजावलं. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य पुरेसं बनवता येत नाही, ते खाण्यातूनच, म्हणजे मुख्यतः मांसातून, यायला हवं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडतो. हृदयाच्या दुखण्याचा हा संबंध अमेरिकेतल्या संशोधकांनी 1987 साली दाखवून दिला, त्यानंतर तयार खाद्यांत टॉरिन वाढवलं गेलं. गाजरातल्या कॅरोटिनपासून आपण ए जीवनसत्त्व बनवतो, तेही तिला जमत नाही. आणि चित्रातली मांजर बशीतून दूध पिते ना? मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणींना ते पचत नाही. म्हणजे ठकीचंही दूध बंद, एवढ्यापुरत्या आम्ही दोघी एकमताच्या. कुत्र्याचं वेगळं आहे, त्याला धान्य बऱ्यापैकी पचतं, पण तेही डॉक्टरांना विचारूनच.

आता ठकीला मांजरांचं तयार खाद्य असतं, आणि आठवड्यातून दोनदा उकडून काटे काढलेले मांदेली. कच्चे नाही, आणि नुसत्या मासळीवरही नाही. मासळी नवरा आणतो. तो गावी गेला की मला जावं लागतं. आमच्या मार्केटातली कोळीण मला ओळखते. नुसती डोकी-शेपट्या चालणार नाहीत, ताजे मांदेली द्या म्हटलं तर शेजारणीला ओरडून सांगते, "ही बाय सोता खात नाय, नि मांजरीला ताजा मागते!" सगळा बाजार हसतो, मीही हसते. एका जिवाला पोसायला दुसरे मारायचे, हा हिशेब माझ्याकडून सुटलेला नाही. पिल्लं होऊ नयेत म्हणून ठकीचं ऑपरेशन करून घेतलं आणि विकतचं जनावर घरात आणायचं नाही असं ठरवलं, इतकंच मला जमलं.

नात्यांचं थोडं लांबेल. मी व्हीगन झाले तेव्हा लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा एकदाच चिडून म्हणाला, "मी बांगडा खाणाऱ्या मुलीशी लग्न केलं होतं." आणि ते खरं होतं. करारात बदल मी केला होता. म्हणून त्याच्या ताटावर बोलायचं नाही हा नियम मीच स्वतःला घालून घेतला. मासळी तोच साफ करतो, तोच शिजवतो, कढई आणि चमचा वेगळा, खिडकी उघडी. मुलगा बापाबरोबर मासे खातो, माझ्याबरोबर उसळ. याला पातळ व्हीगनपणा म्हणणारे खूप भेटतात, त्यांनी माझ्या घरी आठवडाभर राहून दाखवावं.

सासूबाईंचं दुखणं वेगळं होतं. गोरेगावच्या एका तबेल्यातून त्यांच्या ओळखीचा माणूस चीक आणून द्यायचा आणि त्या खरवस करायच्या, जायफळ-वेलची घालून. मला तो अतोनात आवडायचा. मी पहिल्यांदा नको म्हटलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. ताटलीवर झाकण ठेवलं आणि आत गेल्या. मी तेव्हा चीक वासराचा असतो वगैरे समजावायला गेले असते तर ते झाकण आजवर उघडलं नसतं. महिन्याभराने त्यांना म्हटलं, "आई, शिरवाळे करूया का?" शिरवाळ्यांत दुधाचा थेंब नाही, तांदळाच्या उकडीचे मुटके आणि खाली गूळ-वेलचीचा नारळाचा रस. मुटके वाफाळते असतानाच लाकडी साच्यात घालून दाबावे लागतात, निवले की साचा जागचा हलत नाही. त्यांच्या खांद्याला ते झेपत नाही. साचा मी दाबते, त्या खाली ताटली फिरवतात आणि "अगो, जोर कर, जेवत नाहीस काय?" म्हणून ओरडतात.

पूजेला मी पंचामृत घेत नाही. दूध, दही, तूप, मध गेलं की साखर तेवढी माझ्या वाट्याची उरते! तुळशीचं पान आणि केळं घेते, प्रसादाच्या शिऱ्यात काही बदला म्हणत नाही. लग्नात पैठणीचा प्रश्न येईलच. रेशमासाठी कोष आतल्या किड्यासकट उकळतात, म्हणून नवीन मी घेत नाही. आईची जुनी पैठणी मात्र नेसते. तुम्हाला तेही नको असेल तर सुती साड्यांची वाण नाही, पण ते खरेदीला निघायच्या आधी सांगा, दुकानातल्या गादीवर बसून नको.

मुलाला कधी सांगायचं, असं विचारलंत. माझ्यासारखं तीन वर्षांनी सांगायची वेळ तुमच्यावर आलेली नाही, हा तुमचा मोठा फायदा. पहिल्या भेटीतच सांगा. घरात मासे शिजलेले चालतील का, वेगळी कढई लागेल का, मूल झालं तर ते काय खाईल, हे तिन्ही बोला. मुंबईत घर शोधतानाही हे कामाला येईल. 'नॉनव्हेज चालणार नाही' म्हणणाऱ्या सोसायटीत तुम्हाला जागा मिळेल आणि त्याला मिळणार नाही, तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूने उभ्या राहणार हे आत्ताच ठरवून ठेवा. मी नवऱ्याच्या बाजूने उभी राहिले आणि आम्ही भांडुपलाच राहिलो.

बघायला घरी येणार असतील तर काळजी नको. कांदेपोहे मुळातच व्हीगन असतात. अडचण चहाची आहे, तेव्हा ट्रे बाहेर यायच्या आधी सांगून मोकळ्या व्हा.