सरासरी बिलांमुळे गेलेला दारिद्र्यरेषेखालील वीजदर

आपण लिहिले आहे की, घरात दोन दिवे आणि एक पंखा असून मीटर दारिद्र्यरेषेखालील गटात होता; आठ महिने रीडिंग न घेता दरमहा २० युनिटची सरासरी बिले आली, मार्चमध्ये एकदम २४३ युनिटचे २,७४० रुपयांचे बिल हाती पडले, एप्रिलपासून सर्वसाधारण घरगुती दर लागला आणि आता लाइनमन वीज तोडण्याची भाषा करतो.

महाराष्ट्रात हा सवलतीचा दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाने ठरतो. मंजूर भार (जोडणीवर एका वेळी वापरण्यास मंजूर असलेली वीज) ०.२५ किलोवॅटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षातील वापर ३६० युनिटपर्यंत, हे त्याचे निकष आहेत. त्यामुळे कार्यालयात आपल्याकडे पिवळे रेशनकार्ड मागितले गेले, त्याने काही सिद्ध होत नाही.

आपण पाठवलेली बिले मी जुळवून पाहिली. पहिल्या तीन महिन्यांचे ८१ युनिट प्रत्यक्ष रीडिंगचे आहेत. मार्चचे २४३ युनिट म्हणजे पूर्ण नऊ महिन्यांचा वापर, दरमहा २७. मात्र सरासरीचे १६० युनिट त्यातून वजाच झाले नाहीत, म्हणून वर्षाचा वापर ३२४ ऐवजी ४८४ दिसला आणि आपला गट बदलला. शिवाय नऊ महिन्यांचा वापर एकाच महिन्याचा धरल्याने वरच्या टप्प्याचा दर लागला. हे मला सरळ अन्यायाचे वाटते. एकदा वरच्या गटात गेलेल्या ग्राहकाला पुन्हा या गटात घेतले जात नाही, म्हणून नुसते बिल कमी करून घेऊन थांबू नका. गटबदल मुळातूनच रद्द करण्याची मागणी बिलदुरुस्तीच्या अर्जात स्वतंत्रपणे लिहा.

वीज तोडण्याबाबत विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. लाइनमनचे तोंडी सांगणे ही नोटीस नव्हे. याच कलमानुसार, मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘हरकत नोंदवून’ भरल्यास वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. आपली मागील बिले २० युनिटचीच असल्याने ही रक्कम आपल्या आवाक्यातली असेल. हरकतीचे पत्र दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर आवक शिक्का घ्या.

दाद न मिळाल्यास वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तेथे वकील लावावा लागत नाही. मंचाचा निर्णय विरुद्ध गेल्यास साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. मीटरवरील आकड्याचा तारखेसह फोटो मात्र आजच काढून ठेवा, कारण मीटर बदलला गेल्यास २४३ युनिटचा हिशेब दाखवायला तोच पुरावा उरेल.