‘दुदू बेडा’ म्हणणारी लेक

प्रिय मावशी,
आम्ही पुण्याहून बेंगळुरूला आलो. मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. घरात मराठी, तिला सांभाळणाऱ्या अक्का कन्नड बोलतात, पाळणाघरात इंग्रजी. ती सगळं एकत्र करून ‘दुदू बेडा’ म्हणते. पाळणाघरातल्या बाई म्हणतात, घरीही इंग्रजीच बोला. सासूबाई रोज फोनवर विचारतात, ‘अजून नीट बोलत नाही का गं?’ काय करू?
– एक आई

मावशी म्हणालीस, तर मी तूच म्हणते. ‘दुदू बेडा’ वाचून मला फार आनंद झाला गं! घरातलं ‘दुदू’ घेतलं, अक्कांचं ‘बेडा’ म्हणजे ‘नको’ त्याला जोडलं आणि आपल्याला काय नको ते पोरीने चोख सांगितलं. दोन शब्द जोडून बोलणं दोन वर्षांच्या आसपास येतं. ते तिला आलंय.

दोन-अडीच वर्षांपर्यंत ५० च्या आसपास शब्द यावेत, असं धरतात. ते मोजताना तिन्ही भाषांतले एकत्र मोज. मम्मं, भू, चिऊ, नीरू, सगळे. फ्रिजवर एक कागद चिकटव, आठवडाभर लिहीत जा आणि सासूबाईंना तीच यादी वाचून दाखव.

मराठी मात्र सोडू नकोस, अगदी कळकळीने सांगते. जास्त भाषा कानावर पडल्या म्हणून मूल उशिरा बोलत नाही. तू लाड मराठीत करतेस, रागावतेसही मराठीत. ठरवून इंग्रजी बोलायला लागलीस तर तुझं बोलणंच आखडेल आणि तिला ऐकायला कमी मिळेल. ती ‘दुदू बेडा’ म्हणाली की चूक काढू नकोस. ‘दूध नको? बरं, थोड्या वेळाने पिऊ या,’ एवढं म्हण आणि थांब. तिला उत्तर जुळवायला वेळ लागतो. ‘बाबा आली’ म्हणाली तर ‘हो, बाबा आले’ म्हण. आपल्याकडे तीन लिंगं, ती अंगवळणी पडायला वेळ लागणारच.

पण हाक मारल्यावर ती वळत नसेल, येत असलेले शब्द जायला लागले असतील किंवा यादी फारच छोटी निघाली, तर ‘काही मुलं उशिरा बोलतात’ म्हणून थांबू नकोस. आधी कान तपासून घे. मैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, १९६५ पासून याच कामात. तुला काही तासांचीच वाट.

आणि अक्कांना विचार, ‘बेडा’बरोबर ‘बेकू’, म्हणजे ‘हवं’, तेही म्हणते का ती? म्हणत असेल तर यादीत लिही.