आंब्याखाली लावलेल्या गाडीवरचे चिकट, काळे डाग कसे काढायचे? सोसायटीतले लोक झाडच तोडा म्हणतायत.

झाड तोडू नका. डाग कोमट पाण्याने जातात. एवढं सांगून थांबलो असतो, पण याच डागांवरून माझं आणि थोरल्या भावाचं तीन वर्षं बिनसलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अशा डागांना बरेच जण झाडाचा चीक समजतात, पण तो चीक नाहीच. चीक येतो कैरी देठापासून तोडली की. मोहोराच्या दिवसांत गाडीवर जे बारीक थेंब पडतात ती तुडतुड्यांची, म्हणजे आंब्यावरच्या बारीक उड्या मारणाऱ्या किड्यांची घाण. तुडतुडा मोहोरातला रस शोषतो आणि जास्तीची साखर पाण्यासारखी बाहेर टाकतो. त्यावर काळी बुरशी चढते, तेच तुमचे काळे डाग. आमच्याकडे याला खार पडणं म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात मोहोराच्याही आधी, पालवीवरच फवारणी सांगितलेली असते ती याच किड्यासाठी. मी राजापूर तालुक्यात हापूसची बाग राखतो, दर वर्षी त्याच्याशीच झगडतो.

दादा फेब्रुवारीत पुण्याहून नवी लाल गाडी घेऊन आला आणि अंगणातल्या रायवळाखाली लावली. हा आंबा आजोबांनी लावलेला, लोणच्याच्या कैऱ्या आजही त्याच्याच. उंच आहे, फवारा शेंड्यापर्यंत पोचत नाही. त्या दिवसांत खाली उभं राहिलं तर पानांवर तुडतुड्यांच्या उड्यांची तडतड ऐकू येते. तिसऱ्या दिवशी बॉनेट बघितलं तर पाक शिंपडल्यासारखं. दादा म्हणाला, "चीक आहे, थिनर आण." मी त्याला पुढचा टायर दाखवला. टायरवरून मुंगळ्यांची रांग थेट बॉनेटवर चढत होती. चिकाला मुंगळे लागतात का कधी? पण गावात राहणाऱ्या धाकट्याचं कोण ऐकतो! गेट रंगवून उरलेला थिनर आणि भांड्यांचा हिरवा स्क्रबर घेऊन तो डाव्या बाजूला भिडला. साखर थिनरमध्ये विरघळत नाही. डाग हलेनात तसा त्याने आणखी जोर लावला, आणि रंगावर ओरखड्यांचं जाळं उमटलं. मग राग झाडावर. "काढून टाकू हे, शेड घालू." आई चुलीपुढून उठून आत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

उजवी बाजू मी धुतली. बंबातलं पाणी हाताला सोसेल इतकं निववलं, जुना पंचा त्यात भिजवून बॉनेटवर पसरला, दहा मिनिटं तसाच ठेवला. उचलल्यावर पंचा तपकिरी झाला होता आणि खाली रंग स्वच्छ. मग गाडीचा शाम्पू, मऊ कापड, भरपूर पाणी. तुम्हीही हेच करा, सकाळी, बॉनेट थंड असताना. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. त्याच्यावर स्क्रबर कसला चालवता!

फणसाचा चीक मात्र पाण्याला दाद देत नाही, त्याला खोबरेल तेल चोळून मऊ करावं लागतं, मग शाम्पू. पक्ष्यांची शीट पडली तर त्याच दिवशी धुवा, तिच्यातलं आम्ल उन्हात रंगात उतरतं.

एक राहिलं. डाग महिनोन्‌महिने उन्हात भाजले असतील तर पाण्याने चिकटपणा जाईल, पण सावटासारखी खूण राहू शकते. ती पॉलिश करणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच काढून घ्या. गार काचेवर कढत पाणी ओतू नका, तडकेल.

आणि सोसायटीवाल्यांना सांगा, शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 पासून कायदा आहे. मोहोर फुटल्यापासून कैरी धरेपर्यंत गाडी दुसरीकडे लावा किंवा वर कापड घाला. इतके दिवसही ज्यांना जमत नाही त्यांनी त्या झाडाची कैरी मागायला येऊ नये.

दादा, तू हे वाचत असशील तर सांगतो. वाटेकडची फांदी मी छाटली आहे, तुझी गाडी पलीकडे मोकळ्यावर राहील एवढी जागा केली आहे. खोडाला हात लावू देणार नाही.